शंकूची साक्ष

कुंभाराचा आवा शेणी-काटक्यांवर धुमसत असे, तेव्हा तो केव्हा उतरेल याचा अजमास धुराच्या रंगावरून व वाऱ्याच्या रोखावरून घेतला जाई, आणि एखाद्या आव्याने चार घटका अधिक घेतल्या तर त्याची तकरार कोणी करीत नसे. विजेच्या भट्टीने मात्र आपल्याला घड्याळाची चटक लावली, व नऊ तासांत उतरणारी भट्टी एके दिवशी बारा तास घेऊ लागली की मालकाचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

वास्तविक घड्याळ हा या व्यवहारातील दुय्यम साक्षीदार. हे मर्म स्टॅफर्डशरच्या जोसाया वेजवुडने अठराव्या शतकातच जाणले होते. माती आचेने आकसते, तेव्हा आकसण्यावरूनच आच मोजावी, अशा विचाराने मातीच्या छोट्या वड्या भाजून त्या पितळी पट्ट्यांमधल्या निमुळत्या खाचेत सरकवून पाहण्याची युक्ती त्याने १७८२ साली रॉयल सोसायटीपुढे मांडली, आणि पुढच्याच वर्षी तो तिचा सभासद झाला. युक्ती नामी, हिशेब मात्र साफ चुकलेला : त्याच्या मापाप्रमाणे बिडाचा रस व्हायला सुमारे १८,००० अंश फॅरनहाइट उष्णता लागे; प्रत्यक्षात २,००० च्या थोडे वर पुरते. पण भट्टीवाल्याला त्या आकड्याचे सोयरसुतक कसले? कालच्याइतकीच आच आज लागली की नाही, एवढेच त्याला हवे होते.

पुढे बर्लिनच्या राजेशाही पोर्सेलीन कारखान्यातील हेर्मान झेगरने १८८६ साली फेल्डस्पार, गारगोटी, संगमरवर व चिनी माती यांच्या प्रमाणबद्ध मिश्रणांचे क्रमांकित शंकू घडवले. ठराविक आच भरली की शंकू मऊ होऊन कमरेत वाकतो आणि त्याचा शेंडा पायाशी टेकतो. शेवटचे अंश सावकाश चढवले तर तोच शंकू वीसेक अंश अगोदरच मान टाकतो; म्हणजे उष्णता व काळ या दोहोंची साक्ष तो एकदमच देतो.

विजेच्या भट्टीचे दिवस तारेमुळे पालटले. निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत १९०६ साली निघाले, आणि १९३१ च्या सुमारास स्वीडनमध्ये लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांची अधिक आच सोसणारी तार निघाली. परंतु तारही म्हातारी होते : तिचा विद्युत्-रोध वाढतो, प्रवाह घटतो, आणि भट्टी रेंगाळते. शिवाय विजेचा दाब शेकडा दहाने उतरला तर शक्ती शेकडा एकोणीसने उतरते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मालकाला त्या दिवशी सारे खापर पुरवठ्यावर फोडावेसे वाटते, ते यामुळेच.

माझ्या एका स्नेह्याने असेच केले. दाब मोजला, तर तो पुरेपूर भरला. तारा बदलून वर्षही उलटले नव्हते. मग त्याने तिन्ही फळ्यांवर एकाच क्रमांकाचा एकेक शंकू ठेवून भट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी, ती पुरती निवल्यावर, झाकण उचलले. वरचा शंकू पार लोळण घेतलेला, मधला पायाशी वाकलेला, आणि तळचा मात्र चोपदारासारखा ताठ उभा. त्याच्यामागच्या विटेच्या खाचेत वेटोळ्याची तार तुटून नखाएवढी फट पडली होती. स्नेह्याने रोजकीर्द उघडली, बारा तासांच्या आकड्याशेजारी तारीख घातली, आणि ते तिन्ही शंकू त्या पानावर कागदात गुंडाळून ठेवले.