पाळीच्या आधीचा आठवडा

पाळीसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत: कावळा शिवला, बाजूला बसली, अडचण आहे. पण हे सगळे पाळी आल्यानंतरचे. तिच्या आधीच्या आठवड्याला मात्र नाव नाही. त्या दिवसांत काही जणींना जीव नकोसा होतो, शब्दाला शब्द लागतो, रडू कोसळतं. आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत आभाळ निवळतं. आज त्या बिननावाच्या दिवसांचा इतिहास सांगते.

१९३१ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी या त्रासावर निबंध लिहिला. स्त्री-हार्मोन शरीरात जास्त साठतं, असं त्यांचं निदान. त्रास फार असेल तर बीजकोशांवर क्ष-किरण सोडायचे, हा उपाय! १९५३ मध्ये लंडनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ म्हटलं. डाल्टनबाईंचा भर प्रोजेस्टेरॉन देण्यावर होता. पुढच्या काटेकोर चाचण्यांत ते फारसं टिकलं नाही, पण बायकांना तारखा लिहून ठेवायला लावण्याची त्यांची सवय टिकली.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतून बोलते आहे. इथून होसूर रस्त्याने शहराकडे निघालं की निम्हान्स लागतं, मानसिक आरोग्याची देशातली मोठी संस्था. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. प्रभा चंद्र आणि डॉ. संतोष चतुर्वेदी यांनी १९८९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला: पाळीआधीचा अनुभव संस्कृतीप्रमाणे कसा बदलतो? १९९१ मध्ये भारतीय स्त्रियांच्या पाळीविषयीच्या धारणांवर दुसरा आला. तोवर प्रश्नावल्या पाश्चात्त्य बायकांच्या उत्तरांवर बेतलेल्या असायच्या. आपल्याकडची बाई ‘मन उदास आहे’ म्हणेलच असं नाही; ती अंग जड झालंय, कंबर धरलीय म्हणेल. १९९५ मध्ये चतुर्वेदी, चंद्र आणि सहकाऱ्यांनी विषय आणखी पुढे नेला: पाळीआधीच्या दिवसांत येणारे आत्महत्येचे विचार. ज्याला घरात ‘तिची चिडचिड’ म्हणून सोडून देतात, त्याच्या टोकाला काय असू शकतं, हे त्यांनी नोंदवलं. मला हा निबंध फार मोलाचा वाटतो.

मग प्रश्न येतो, तपासण्या ‘नॉर्मल’ का येतात? १९९८ मध्ये अमेरिकेत पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. औषधाने बीजकोशांचं काम थांबवल्यावर त्रास असलेल्या अनेक जणींना बरं वाटलं. हार्मोन परत दिल्यावर त्यांचा त्रास परतला. त्रास नसलेल्या स्त्रियांना तेच हार्मोन देऊनही काही झालं नाही. म्हणजे हार्मोनचं प्रमाण बरोबरच असतं, त्याला मेंदू देतो तो प्रतिसाद वेगळा असतो. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून त्रास खोटा, या तर्काला तिथे उत्तर मिळालं.

तरी अमेरिकी मनोविकारांच्या यादीत ‘पीएमडीडी’ला पूर्ण जागा मिळायला २०१३ उजाडलं. त्याआधी १९८७ पासून ते परिशिष्टात होतं. विरोध स्त्रीवाद्यांचाही होता: बाईच्या पाळीला मानसिक रोग ठरवलं, तर नोकरीत आणि कोर्टात ते तिच्याच अंगावर येईल. ही भीती पोकळ नव्हती. म्हणूनच निदानाची अट कडक आहे. आठवून सांगितलेलं पुरत नाही. निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते. पाळी संपल्यावरच्या आठवड्यातही मन तसंच खचलेलं असेल, तर आजार बहुधा दुसराच असतो. उपाय आहेत. नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं इथे काही दिवसांतच लागू पडतात, काहींना ती पाळीआधीचे पंधरा दिवस घेऊनही चालतात. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने महिन्याला एक दिवस पगारी पाळीरजा मंजूर केली, त्यात खासगी कंपन्याही आल्या. चांगलंच झालं. पण एखादीचा सर्वांत वाईट दिवस पाळीच्या चार दिवस आधीचा असतो. ‘पाळी आली का?’ या प्रश्नाला त्या दिवशी तिचं उत्तर ‘नाही’ असंच असणार.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला त्या दिवसांत जगणं नको वाटत असेल, तर दोन पाळ्यांच्या नोंदी होईपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं.