कांडी आपोआप कशी बदलते? शंभर वर्षांपूर्वीची पेटंट आणि भिवंडीचा यंत्रमाग

भिवंडीच्या कुठल्याही गल्लीत उभे राहिलात तर खटाखट-खटाखट असा एकसुरी आवाज येतो. तो यंत्रमागाचा, म्हणजे पॉवरलूमचा. हा आवाज अधूनमधून एखाद्या लूमवर थांबतो आणि काही सेकंदांनी परत सुरू होतो. त्या काही सेकंदांत कामगार धोट्यातली रिकामी कांडी काढून भरलेली कांडी बसवतो. हे काम यंत्राने स्वतः करावं यासाठी अमेरिकेत १८९४ मध्ये पेटंट मिळालं होतं. जपानमध्ये १९२४ पर्यंत त्याच प्रश्नाचं आणखी एक उत्तर तयार झालं. दोन्ही पेटंटची मुदत संपून कित्येक दशकं झाली. तरी भिवंडीत आजही हजारो लूमवर कांडी हातानेच बदलली जाते. असं का, हे आज समजून घेऊ. त्यासाठी आधी लूम कसा चालतो ते बघावं लागेल.

लूम नेमका काय करतो?

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्याचे हजारो धागे मागच्या बीमवर गुंडाळलेले असतात. लूम तीन कामं पुन्हा पुन्हा करतो:

१. ताण्याचे काही धागे वर, काही खाली करून मध्ये फट तयार करतो.
२. त्या फटीतून धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकतो. धोट्याच्या पोटात कांडी असते आणि तिच्यावरचा बाण्याचा धागा मागे उलगडत जातो.
३. फणी पुढे येऊन तो धागा कापडाला घट्ट ठोकते.

प्रोग्रामिंग शिकत असाल तर हा सरळ सरळ एक लूप आहे. १७३३ मध्ये जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा आणला आणि १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मागाचं पेटंट घेतलं. तिथून पुढे लूम वेगवान होत गेला, पण एक अडचण तशीच राहिली. कांडीवर धागा मोजकाच मावतो.

थोडं गणित करू

समजा लूम मिनिटाला १५० वेळा धोटा फेकतो आणि कापडाची रुंदी १.२ मीटर आहे. म्हणजे मिनिटाला १८० मीटर धागा लागतो. कांडीवर १००० मीटर धागा असेल तर ती साधारण साडेपाच मिनिटांत संपते.

एका कामगाराकडे सहा लूम असतील तर त्याला दर ५५ सेकंदांनी कुठली ना कुठली कांडी बदलावी लागते. बारा तासांच्या पाळीत हे जवळपास पावणेआठशे वेळा होतं. एका बदलाला दहा सेकंद धरले तरी प्रत्येक लूम पाळीत २१-२२ मिनिटं नुसता उभा राहतो. त्यात तुटलेला ताणा जोडणं वेगळं, पाणी प्यायला जाणं वेगळं.

आता त्याच माणसाला २४ लूम दिले तर? दर १४ सेकंदांनी एक कांडी. हाताने हे शक्यच नाही. म्हणजे एक माणूस किती लूम सांभाळू शकतो, याची मर्यादा कांडी ठरवते. शोधकांचं लक्ष कांडीवर गेलं ते यामुळेच.

नॉर्थ्रॉपची बॅटरी

जेम्स हेन्री नॉर्थ्रॉप मूळचा इंग्लंडचा. १८८१ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या होपडेल गावी ड्रेपर कंपनीत कामाला लागला. पाच-सहा वर्षांच्या खटपटीनंतर नोव्हेंबर १८९४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच्या लूममध्ये तीन नव्या गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली, बॅटरी. ही विजेची बॅटरी नाही. लूमच्या एका बाजूला गोल चक्रासारखा साठा असतो आणि त्यात भरलेल्या कांड्या ओळीने लावलेल्या असतात. कांडी संपल्याचा इशारा मिळाला की धोटा पेटीत आलेल्या क्षणी वरून एक हातोडा नव्या कांडीवर पडतो. नवी कांडी धोट्यात बसते आणि रिकामी खालून बाहेर पडते. सेकंदाच्या काही अंशात काम होतं आणि लूम थांबतही नाही.

दुसरी, धागा आपोआप ओवून घेणारा धोटा. हे लहानसं वाटेल, पण यात कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न होता. जुन्या धोट्यात नव्या कांडीचा धागा भोकातून बाहेर काढायला विणकर भोकाला तोंड लावून तो श्वासाने ओढायचे. एकच धोटा अनेक जणांच्या तोंडाला लागायचा, त्यातून रोग पसरायचे आणि कापसाची धूळही पोटात जायची. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली. नॉर्थ्रॉपच्या धोट्याला भोकाऐवजी वळणदार खाच होती. पहिल्याच फेकीत धागा त्या खाचेत स्वतःहून अडकायचा.

तिसरी, ताणा तुटला की लूम थांबवणारी यंत्रणा. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते. धागा तुटला की पत्री खाली पडते, हलणाऱ्या दांडीत अडकते आणि लूम बंद होतो. आपण ज्याला सेन्सर म्हणतो तोच हा, फक्त वीज आणि चिप नसलेला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बॅटरीमुळे कांड्या भरण्याचं काम संपलं नाही, त्या कुणीतरी बॅटरीत लावाव्याच लागतात. संपली ती फक्त वेळेची सक्ती. आधी कांडी संपली त्याच क्षणी माणूस हजर हवा होता. आता तो फुरसतीने एकदम वीस-पंचवीस कांड्या लावून दुसऱ्या लूमकडे जाऊ शकतो. यूट्यूबचा व्हिडिओ पुढचा थोडा भाग आधीच उतरवून ठेवतो, म्हणून नेट क्षणभर गेलं तरी तो अडत नाही. बॅटरी म्हणजे नेमका तसाच बफर. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज वापरतो ती ही कल्पना त्या लोखंडी चक्रात आधीपासून होती.

टोयोडाचा धोटा

दुसरं उत्तर जपानमधून आलं. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. जपानमध्ये १८८५ मध्ये पेटंटचा कायदा आला आणि शोध लावण्याची ओढ त्याला तिथूनच लागली असं सांगतात. लाकडी हातमागापासून सुरुवात करून तो आणि त्याचा मुलगा किइचिरो १९२४ मध्ये ‘टाइप जी’ या स्वयंचलित लूमपर्यंत पोचले.

नॉर्थ्रॉप कांडी बदलत होता, टोयोडाने अख्खा धोटाच बदलला. भरलेले धोटे साठ्यात रचलेले असतात. धागा संपत आला की नवा धोटा आत ढकलला जातो आणि जुना बाहेर पडतो, तेही लूम पूर्ण वेगात असताना. टोयोटाच्या स्वतःच्या इतिहासानुसार अशा लूममुळे एक कामगार ३० ते ५० लूम सांभाळू शकत होता.

डिसेंबर १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्र कंपनीने जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकीच्या जगासाठी या पेटंटचे हक्क घ्यायचं ठरवलं. ठरलेली किंमत होती १ लाख पाउंड. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला, तोच आता आशियातल्या शोधकाकडून यंत्रमागाचं पेटंट घेत होता. याच लूमच्या कारखान्यात १९३३ मध्ये मोटार विभाग सुरू झाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली. रस्त्यावर दिसणाऱ्या इनोव्हाचं मूळ घर लूमचं आहे!

आणि आपले भिसे

टोयोडाच्याच वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईत शंकर आबाजी भिसे यांचा जन्म झाला. त्यांचं क्षेत्र छपाईचं. छापखान्यात लागणारे शिशाचे टाइप वेगाने ओतणारं यंत्र त्यांनी बनवलं, ते ‘भिसोटाइप’ म्हणून ओळखलं जातं. ते लंडनला गेले होते. जमशेटजी टाटांचे चिरंजीव सर रतन टाटा यांनी भांडवल पुरवलं आणि ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ उभी राहिली, पण ती टिकली नाही. पुढे भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले.

टोयोडाभोवती जपानच्या कापडगिरण्या होत्या आणि चाचणीसाठी स्वतःची गिरणी होती. भिशांचं गिऱ्हाईक, भांडवल आणि कारखाना समुद्रापार विखुरलेले होते. पेटंट दोघांकडेही होतं. फरक होता तो आजूबाजूच्या उद्योगाचा.

पेटंट म्हणजे कुलूप नव्हे

पेटंट हा एक सौदा आहे. शोधकाने आपलं यंत्र कसं चालतं ते आकृतीसकट जगाला सांगायचं. बदल्यात ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणाला ते परवानगीशिवाय बनवू द्यायचं नाही, असा हक्क सरकार देतं. भारतात १९११ च्या कायद्यात ही मुदत १४ वर्षांची होती, आज ती २० वर्षांची आहे. मुदत संपली की शोध सगळ्यांचा.

म्हणजे आपोआप कांडी बदलणारा लूम बनवायला भिवंडीला कायद्याने गेली कित्येक दशकं कुणीच अडवलेलं नाही. मग अडलं कुठे? कारणं साधी आहेत:

- स्वस्त जुने लूम: मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले साधे लूम भिवंडीत आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर इथला धंदा आणखी वाढला. नव्या स्वयंचलित लूमच्या पैशात असे कितीतरी लूम यायचे.
- मजुरीवरचं काम: बरेच छोटे मालक व्यापाऱ्याचं सूत घेऊन मीटरच्या दराने कापड विणून देतात. हातात भांडवल उरत नाही आणि पुढच्या महिन्यात काम मिळेल याची खात्री नसते.
- कामगाराची कमी मजुरी: दिवसाला वाचणारी मजुरी यंत्राच्या हप्त्यापेक्षा कमी असेल तर मालक यंत्र घेत नाही. अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून तिथे नॉर्थ्रॉप झपाट्याने पसरला. इंग्लंडमध्येही साधे लँकेशायर लूम दीर्घकाळ टिकले.
- यंत्राचे नखरे: स्वयंचलित लूमला एकसारखं मजबूत सूत, एकाच मापाच्या कांड्या आणि नेमकी जुळणी लागते. साधा लूम कसल्याही सुतावर चालतो आणि गल्लीतला मिस्त्रीही तो दुरुस्त करतो.

मी भिवंडीतच वाढलो. इथला माणूस नव्या यंत्राला घाबरतो, असं बाहेरचे लोक सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. वरचा हिशोब मांडून बघा, छोट्या मालकाचा निर्णय त्याच्या परिस्थितीत बरोबरच निघतो. पण त्याची किंमत तो एकटा भरत नाही. बारा तास त्या आवाजात उभा राहून दर मिनिटाला कांडीकडे धावणारा कामगारही ती भरतो.

आता काय चाललंय?

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतूनच सुरू झाली. तिच्या एका भागात साध्या लूमला जास्तीचे भाग जोडायला अनुदान होतं. बाणा किंवा ताणा तुटल्यावर लूम थांबवणारी यंत्रणा त्यातच येते. म्हणजे नॉर्थ्रॉपच्या काळातली पत्रीची युक्ती २०१७ मध्ये सरकारी मदतीने बसवली जात होती.

दुसरीकडे धोटाच नसलेले लूमही आले आहेत. रेपियर लूममध्ये पट्टीसारखा हात धागा ओढून नेतो, एअरजेटमध्ये हवेचा झोत, तर वॉटरजेटमध्ये पाण्याची धार. यात बाणा मोठ्या कोनवरून थेट येतो, त्यामुळे कांडीचा प्रश्नच उरत नाही. वाहत्या हवेने धागा नेण्याची कल्पनाही जुनीच, तिचं पेटंट १९१४ मधलं. पण ती कारखान्यात रुळायला कित्येक दशकं गेली. असे लूम महाग असतात आणि एक माणूस त्यातले बरेच सांभाळतो. म्हणून ते आले की उरलेल्या कामगारांचं काय, हा प्रश्नही सोबत येतोच.

जुनी पेटंट फोनवर कशी बघायची?

यासाठी कुठलंही ॲप किंवा लॉगिन लागत नाही.

१. ब्राउझरमध्ये ‘गूगल पेटंट्स’ किंवा युरोपियन पेटंट ऑफिसचं ‘एस्पेसनेट’ उघडा.
२. शोधकाचं नाव आणि यंत्राचं नाव इंग्रजी अक्षरांत टाका, उदाहरणार्थ नॉर्थ्रॉप आणि लूम.
३. तारखेच्या गाळणीत १९०० च्या आधीची किंवा हवी ती वर्षं निवडा. नाहीतर नव्या पेटंटची गर्दी समोर येते.
४. आधी आकृती बघा. प्रत्येक भागाला अंक किंवा अक्षर दिलेलं असतं आणि मजकुरात त्याच खुणेने त्याचं काम सांगितलेलं असतं.
५. शेवटी ‘दावे’ वाचा. यंत्रात नेमकं नवीन काय आणि हक्क कशावर, ते तिथे कळतं.

आकृती बघून झाल्यावर जमलं तर परवानगी घेऊन एखादा चालू लूमही बघा. फणी, धोटा आणि कांडी तुम्हाला लगेच ओळखू येतील.