एलिचपूरचा मुक्काम

अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. अमरावती जिल्ह्यातील या गावाचा इतिहास सांगताना आम्ही वऱ्हाडी मुसलमान बहुधा इमादशाहीपासून सुरुवात करतो. त्याआधीच्या अल्लाउद्दीन खिलजीचा विषय निघाला की आपल्यातले काही त्याच्या तलवारीची तारीफ करतात आणि बाहेरचे काही त्याच तलवारीचा हिशेब आमच्याकडे मागतात. १२९६ साली देवगिरी तलवारीआधी बातमीने पडली, याकडे दोघांचेही लक्ष जात नाही.

खिलजी मूळचे तुर्क. पण पिढ्यान्‌पिढ्या अफगाण मुलखात राहिल्याने दिल्लीचे तुर्क अमीर त्यांना आपले मानत नसत. कडा प्रांताचा कारभार पाहणाऱ्या अल्लाउद्दीनला देवगिरीच्या दौलतीची खबर भेलशाच्या स्वारीत लागली. काही हजार स्वार घेऊन तो निघाला आणि एलिचपुरास थांबला. फरिश्ता सांगतो, की चुलत्याशी बिनसल्यामुळे आपण राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस चाललो आहोत, अशी आवई त्याने उठवली. ती खपली. रामदेवराव यादवाचे मोठे सैन्य तेव्हा मुलाबरोबर बाहेर होते. वेढा पडल्यावर धान्याची म्हणून किल्ल्यात घेतलेली पोती मिठाची निघाली. शत्रूची बातमी नाही ती नाहीच, स्वतःच्या कोठाराचीही नाही!

दुसरी फसगत दिल्लीत झाली. अल्लाउद्दीनचा चुलता आणि सासरा सुलतान जलालुद्दीन याला कड्याहून अलाउल्मुल्क गोलमोल पत्रे पाठवून झुलवत राहिला. हा अलाउल्मुल्क इतिहासकार जियाउद्दीन बरनीचा सख्खा चुलता. त्याच वर्षी कड्याला सुलतानाचा खून झाला. या स्वारीत धर्मयुद्ध शोधणाऱ्यांनी जलालुद्दीनला कोणत्या बाजूला बसवायचे?

सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान (१०६३-१०७२) याने खबरनवीस नेमायलाच नकार दिला होता. दोस्त त्यांना पैसे चारणार नाही, दुश्मन मात्र चारेल. मग दोस्ताची वाईट आणि दुश्मनाची चांगली खबर येईल, असे त्याचे म्हणणे. त्याचा वजीर निजामुल्मुल्क याला हे पटले नव्हते.

अल्लाउद्दीन वजिराच्या मताचा निघाला. बातमीने मिळवलेले तख्त बातमीनेच जाईल, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बाजारभावाची खबर त्याच्याकडे तीन वाटांनी येई: बाजाराचा शहना, बरीद आणि गुप्त मुन्ही. तिन्हींचा मेळ बसला नाही की शिक्षा. बरनीच्या सांगण्याप्रमाणे दिल्लीत धान्य स्वस्त राहिले. आणि अमीर महालातसुद्धा मोठ्याने बोलेनासे झाले, खुणांनी बोलू लागले.