चुनखडीच्या खड्याची कुळकथा

दौंड-शिरूरच्या रानात विहीर खणताना काळ्या मातीखाली पिवळसर पोयटा लागतो आणि त्यात पांढुरके, ओबडधोबड खडे. शेतकऱ्याला ही चुनखडी नकोशी, कारण तिच्यामुळे पिकाला लोह मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो. या पांढऱ्या खड्याचा मूळपुरुष मात्र काळा आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरांवर थर पसरला आणि थिजून बेसॉल्ट झाला. तो कातळ कसा झिजतो, ते शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रात पाहावे. पुरात गोटे गरगरत राहतात आणि कातळात रांजणखळगे कोरतात. निघालेला चुरा पाण्याबरोबर पुढे जातो. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. पाण्याचा वेग मंदावला की आधी गोटे पडतात, मग वाळू, शेवटी पोयटा.

नुसता गाळ साचून खडक होत नाही, तो सांधला जावा लागतो. पाठ्यपुस्तकांत वरच्या थरांच्या दाबावर भर असतो. आपल्याकडे खरी करामत चुन्याची. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि बेसॉल्टमधले कॅल्शियम विरघळवते. कोकणातल्यासारखा पाऊस असता, तर ते धुऊन गेले असते. इथे वर्षाला पडतो सुमारे ५०० मिलिमीटर. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. ते भेगांत, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांत साचते आणि हजारो वर्षांत त्याचा खडा होतो. तेच गोट्यांच्या थरात मुरले, तर गोटे घट्ट जखडून पिंडाश्म तयार होतो. हाच आपल्या भागातला गाळाचा खडक, आणि तो अजूनही घडतो आहे.

माणसाने चुनखडीचा उपयोगही फार पूर्वी ओळखला. घोडकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतल्या कारागिरांमध्ये कुंभार, सोनार होते, तसा चुना भाजणाराही होता.

वाळूउपशाने नदीकाठच्या दरडी ढासळत आहेत, त्यांच्याबरोबर गाळाचे हे थरही जातात. शिक्षकांना विनंती आहे: रांजणखळग्यांची सहल काढाल तेव्हा घोडकाठची एखादी उघडी दरडही मुलांना दाखवा. चुनखडीचा खडा कुटून त्यावर लिंबू पिळायला लावा. भुकटीवर फेस येईल. ताज्या फोडलेल्या काळ्या दगडावर येणार नाही.