शिलेदाराचा घोडा आणि हौसेचा घोडा

(माजलगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय घोडा आहे. आता सिंदफणेच्या काठी, उसाच्या आणि कापसाच्या मुलखात घोड्याचं काय काम, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडं राबणारं जनावर म्हणजे बैल. शेतात बैल, गाडीला बैल, ऊसतोडीला जाताना टायरगाडीला बैल. घोडा दिसतो तो वरातीत नाहीतर जत्रेत. पण हे असं का झालं, हाच आजचा प्रश्न आहे. आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: ज्या जनावराचं काम संपतं, त्याला पुढं सांभाळतं कोण?

सुरुवात जरा लांबून करतो. युरोपात घोड्यांच्या काही अवजड जाती आहेत. इंग्लंडचा शायर, स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल, फ्रान्सचा पर्शरॉन, बेल्जियमचा बेल्जियन. शायरचा मोठा नर खांद्यापाशी पावणेदोन मीटर भरतो, वजन टनाच्या घरात जातं. म्हणजे आपल्या दोन चांगल्या बैलांएवढा एकटा घोडा. तिकडं नांगर, मालगाड्या, कालव्यातल्या होड्या, सगळं या घोड्यांनी ओढलं. अमेरिकेत १९१५ ते १९२० च्या सुमारास घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या घरात होती. मग ट्रॅक्टर आला. १९६० पर्यंत तो आकडा तीस लाखांच्या आसपास उतरला. हजारो घोडे कसायाकडं गेले. काही जाती संपायला आल्या.

त्या वाचल्या कशामुळं? बऱ्याच अंशी हौसेमुळं. नांगराचं काम नसतानाही लोकांनी हे घोडे पाळले, प्रदर्शनात नेले, आणि त्यांच्यावर खोगीर घालून रपेट करायला लागले. स्वभाव शांत, पाठ रुंद, सहसा बुजत नाही. अर्थात खर्च भारी. खाणं दुप्पट, नाल मोठी, खोगीर खास मापाचं. तरी माणसं पाळतात. आजही शायर आणि सफोक या जाती धोक्याच्या यादीत आहेतच, पण ज्या आहेत त्या मुख्यतः हौशी माणसांच्या जिवावर आहेत.

आता आपल्याकडं या. असा अवजड घोडा दख्खनमध्ये रुजला का नाही?

पहिलं कारण बैल. आपल्या बैलाला वशिंड असतं. लाकडाचं साधं जू मानेवर ठेवलं की ते वशिंडाला अडतं, आणि बैल सगळा जोर लावून ओढू शकतो. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या खांद्याला बसेल असा भरलेला गळपट्टा लागतो, चामड्याचा सगळा साज लागतो. तो करायला कारागीर आणि पैसा दोन्ही लागतात. जू गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून करून देतो.

दुसरं कारण चारा. बैल रवंथ करतो. कडब्यासारख्या कोरड्या वैरणीतूनही तो अंगाला लागेल एवढं काढतो. घोडा रवंथ करत नाही. कामाला लावायचा तर त्याला दाणा पाहिजे, म्हणजे आपल्या भाषेत चंदी, हरभऱ्याची. ज्या मुलखात माणसालाच ज्वारी पुरताना मारामार, तिथं टनभर वजनाच्या जनावराला रोजची चंदी कोण घालणार? त्यात आपलं ऊन. अंग जेवढं मोठं, तेवढी आतली उष्णता बाहेर टाकायला अवघड. आणि पावसाळ्यातली काळी जमीन तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा आपल्या इतिहासात एक सरळ वाटणी झाली. ओढायचं ते बैलानं, आणि स्वारी घोड्यानं. तोफा ओढायलासुद्धा बैलच होते.

या वाटणीबद्दल एका परक्या माणसानं लिहून ठेवलं आहे. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी. पंधराव्या शतकात, बहमनी राज्याच्या काळात तो चौलला उतरला. सोबत विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरला पोचला तर तिथल्या असद खान या सरदारानं तो घोडाच काढून घेतला, आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर मोहराही देतो, असं सांगितलं. शेवटी एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं त्याचा घोडा सुटला. निकितीन पुढं बीदरला गेला. या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, असं त्यानं नोंदवलंय. बीदरपासून काही कोसांवर आळंदला भरणाऱ्या मोठ्या बाजाराचंही वर्णन केलंय. तिथं वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असं तो म्हणतो. आकडा वाढवून सांगितलेला असू शकेल. पण एका घोड्यासाठी सरदार माणूस अडवून धरतो, यावरून घोड्याची किंमत काय होती ते कळतं. चांगला घोडा समुद्रातून यायचा, अरबस्तानातून, इराणातून. तो सुलतानांना आणि बड्या सरदारांनाच परवडायचा.

पण देशी घोडा नव्हताच, असं नाही. निकितीनच्या नजरेत तो भरला नसावा, कारण तो लहान होता. भीमा नदीच्या काठचा, म्हणून भीमथडी. आपल्याकडं गोदाकाठाला गंगथडी म्हणतात, तसंच. भीमथडीचं तट्टू मध्यम ते लहान चणीचं, काटक, कठीण खुराचं. कमी खाणार, जास्त चालणार. आपल्या राज्यगीतात राजा बढे यांनी या तट्टांचं नाव घेतलंय, शाळेतली पोरं रोज म्हणतात. पण ते जनावर किती जणांनी पाहिलंय?

या हलक्या घोड्यानं काय केलं, त्याची दोन उदाहरणं आपल्या मराठवाड्यातली सांगतो. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला, आजच्या वैजापूर तालुक्यात, पहिल्या बाजीरावानं निजामाला कोंडलं. निजामाकडं जड तोफखाना होता, तो बैलांच्या चालीनं चालायचा. मराठी फौज आज इथं तर उद्या तिथं. निजामाला अशा जागी आणलं की रसद तुटली, पाणी तुटलं, आणि त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन, गेवराई तालुका. ऐन पावसाळा, गोदावरीला पाणी. निजामाची अर्धी फौज पलीकडं गेलेली, अर्धी अलीकडं दिवाण विठ्ठल सुंदर याच्याकडं. माधवराव आणि राघोबादादा यांनी ती गाठली. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीत अडकलेल्या सैन्यावर वेळेत पोचणं, हे घोड्याचं काम होतं.

आता मुख्य मुद्दा. हे घोडे कुणाच्या मालकीचे होते?

मराठी फौजेत दोन शब्द होते: बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकार देई, पागेतला. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येई. शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला. सभासदानं रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय सरकारची. का? कारण शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची सगळी पुंजी. घोडा मेला की तो शिलेदाराचा बारगीर झाला, नाहीतर घरी बसला. मग ऐन लढाईत तो घोडा जपणारच. सरकारी घोड्यावरचा माणूस त्या चिंतेतून मोकळा.

पुढच्या काळात शिलेदार वाढले. गावातला पाटील, एखादा हिकमती शेतकरी दोन घोडी बाळगून मोहिमेवर जायचा. त्याच्यासाठी घोडा ही हौस नव्हती, गुंतवणूक होती. पण तिला हौसेचं तोंड होतंच. माझ्या दारात माझा घोडा आहे, या वाक्याला वजन होतं.

ही शिलेदारी इंग्रजांनी उचलली आणि ती अगदी आपल्या शेजारी, अंबाजोगाईला येऊन राहिली. अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ही फौज निजामाच्या खर्चाची पण इंग्रज अंमलदारांची. तिच्या खर्चापोटीच १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. या पलटणींत शिलेदारी पद्धत होती. भरती होणारा जवान घोड्याची रक्कम भरायचा किंवा घोडा आणायचा. सरकार बंदूक आणि काडतुसं द्यायचं. बाकी घोडा, त्याचा दाणा, कपडे, तंबू हे सगळं पगारातून. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी पलटणीचा चंदा असे, दर महिन्याला प्रत्येकानं थोडं थोडं भरायचं. विम्यासारखंच म्हणा ना. नोकरी सोडताना जागेची रक्कम परत मिळायची. यामुळं फौजेत यायचा तो बरा खातापिता घरातला माणूस. गरिबाला हे दार सहसा बंद.

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून त्या पलटणी हिंदुस्थानी फौजेत मिळवल्या. त्यातलीच विसावी डेक्कन हॉर्स. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या रानापाशी या पलटणीनं भाले घेऊन घोडे घातले. समोर मशिनगन. तिथं कळलं की घोड्यावरच्या स्वाराचे दिवस भरले. महायुद्धात शिलेदारी पद्धतही कोलमडली. एवढे घोडे मरत असताना चंद्यातून नवे कुठून आणणार? १९२१ च्या फेररचनेत ती बंद झाली. डेक्कन हॉर्स हे नाव मात्र टिकलं. १९६५ च्या युद्धात असल उत्तरला ही पलटण लढली, ती रणगाड्यांवर बसून.

म्हणजे आपल्या घोड्याचं काम इंग्लंडच्या नांगऱ्या घोड्याच्या आधीच गेलं. तिकडं ट्रॅक्टर आल्यावर हौशी लोक पुढं आले. आपल्याकडं कोण आलं?

इथं गोष्ट जरा वेगळी होते. हौस आपल्याकडं भरपूर आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जा. तिकडं तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला जा. घोड्याचे सौदे बघा, माणसं दुरून येतात. पण भाव कुणाला मिळतो? मारवाडी आणि काठियावाडी घोड्याला. उंच, वळलेल्या कानांचा, पांढराशुभ्र नाहीतर काळाभोर, हलगीवर नाचणारा. भीमथडीचं तट्टू त्या रांगेत नसतं. हौस जे डोळ्यांत भरतं तेच वाचवते. इंग्लंडात अवजड घोडा डोळ्यांत भरला, म्हणून वाचला. आपलं तट्टू ना उंच, ना देखणं.

मग ते आजवर टिकलं कसं? मेंढपाळ धनगरांमुळं. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागात बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या धनगरांकडं हे तट्टू आजही आहे. त्याच्यावर संसार लादतात, वाघर लादतात, कोकरं, कोंबड्या, कधी लेकरंही बसवतात. त्यांनी ना प्रदर्शन भरवलं, ना वंशावळ लिहिली. काम होतं म्हणून जनावर राहिलं. २०२४ च्या सुरुवातीला भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. तोवर सरकारदरबारी या घोड्याला नावच नव्हतं. नोंदणी मिळाली हे चांगलंच झालं. पण धनगराचा चराईचा मुलूख आकसतोय, बिऱ्हाड आता टेम्पोत जातंय. काम संपलं की नोंदणीचा कागद तट्टाला चंदी घालणार नाही.

बैलाचंही हेच वळण आहे, आणि तुम्हाला ते जास्त जवळचं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. मग राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला. शर्यतवाल्यांचं एक म्हणणं असं, की शर्यत नसेल तर खिलार कोण पाळणार? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की त्या हौसेची किंमत जनावर मोजतं. दोन्हींत तथ्य आहे. हौस जनावराला जगवतेही आणि छळतेही. घोड्याच्या बाजारात नाच शिकवताना काय होतं, ते पाहिलेल्यांना माहीत आहे. पण शर्यत खिलारची. आपला लाल कंधारी, आपला देवणी अंगानं भक्कम, ओढकामाचा. ट्रॅक्टरनंतर त्यांची हौस कोण करणार?

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. घोड्यावर बसायचा मान कधीच सगळ्यांना सारखा नव्हता. आजही देशाच्या काही भागांत दलित नवरदेव घोडीवर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या येतात. लढाईतला घोडा जाऊन शंभर वर्षं झाली, तरी त्याच्या पाठीवरची ती उंची काही लोकांना अजून आपल्याच मालकीची वाटते. शिलेदारीत पैशाचं दार होतं, इथं जातीचं आहे. घोड्याच्या हौसेचा अभिमान बाळगताना हेही आपल्याच इतिहासात आहे, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा आपल्यातल्या तरुणांपैकी कुणाला घोडा पाळायची इच्छा असेल, तर जरूर पाळा. घोडा वीस-पंचवीस वर्षं जगतो, हा हिशेब आधी मांडा. रोजचा दाणा, पाणी, खरारा, दीड-दोन महिन्यांनी नालबंद. आणि शक्य असेल तर आपल्या मातीतलं तट्टू बघा. त्याला कडब्याच्या मुलखात जगता येतं, आपल्या उन्हात चालता येतं. शेतातून, बांधावरून निवांत रपेट मारायला यापेक्षा मोठा घोडा लागत नाही. चार घरांनी चार घोड्या नीट सांभाळल्या आणि चांगल्या नराशी जुळवल्या, तर त्या नोंदणीच्या कागदामागं खरी जनावरं उभी राहतील. आपल्याकडं घोडा राखला तो आधी शिलेदारानं, मग धनगरानं, दोघांनीही कामापोटी. हौसेपोटी तो राखायची पाळी आता आपली आहे.

इथंच थांबतो.