ओल्ड नंबर वन: एका मोटारीचे अस्सलपण

१९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी एका मोटारीच्या ओळखीसंबंधी निकाल दिला. मोटार बेंटली कंपनीची, 'स्पीड सिक्स' या जातीची. शर्यतींच्या इतिहासात ती 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला होता. मग खरेदीदार कंपनीने पाय मागे घेतला. तिचे म्हणणे असे, की आम्हांला देऊ केलेली ही मोटार 'ओल्ड नंबर वन' नव्हेच. विकणारा म्हणत होता, हीच ती. वरवर पाहता हा दोन धनिकांमधला व्यवहाराचा तंटा. परंतु 'मूळ' म्हणजे काय, हा आपल्या वर्गांत वर्षानुवर्षे चालणारा प्रश्न येथे शपथेवरच्या साक्षींनी आणि एक कोटी पौंडांच्या दडपणाखाली चर्चिला गेला. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी या खटल्याकडे पाहावे असे मला वाटते.

आधी मोटारीचे चरित्र पाहू. १९२९ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. चालक होते वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. बार्नाटो हे दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या व्यापारावर गबर झालेल्या घराण्याचे वारस आणि बेंटली कंपनीचे अध्यक्षही. म्हणजे मालकच स्वतः चाकामागे बसत असे. १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किड्स्टन यांनी तीच शर्यत 'ओल्ड नंबर वन'मधूनच पुन्हा जिंकली. १९३१ च्या उन्हाळ्यात मंदीने कंपनी बुडाली आणि वर्ष संपण्यापूर्वी रोल्स-रॉईसच्या ताब्यात गेली. मोटार मात्र धावतच राहिली. त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवरील पाचशे मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यातून जिंकली. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवण्यात आले. त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी ती चालवत असताना मोटार उतरत्या वळणाच्या वरच्या काठावरून पलीकडे कोसळली. क्लाइव्ह जागीच मरण पावला. पुढे बार्नाटोंसाठी ती पुन्हा बांधली गेली, या वेळी रस्त्यावर वापरण्याची बंद छताची मोटार म्हणून. त्यानंतर मालक बदलले आणि बांधणीही बदलत गेली.

या चरित्रात १९२९ चा पोलाद कितीसा उरणार? शर्यतीची मोटार हे स्मारक म्हणून बांधलेले नसते. प्रत्येक शर्यतीनंतर तिचे इंजिन खोलायचे, झिजलेले टाकायचे, तुटलेले बदलायचे, नव्या हंगामासाठी नवा आस किंवा नवी चासी घालायची, हा कारखान्याचा नित्यक्रम. आज ज्या बदलांना आपण मूळ स्वरूपाची हानी म्हणू, ते त्या वेळच्या मिस्त्रींच्या दृष्टीने मोटार जिवंत ठेवण्याचे काम होते. तज्ज्ञांनी एकेक भाग तपासल्यावर निष्पन्न झाले ते असे, की १९२९ मध्ये जिंकलेल्या मोटारीतले जवळजवळ काहीच उरलेले नाही. १९३० च्या मोटारीतले किरकोळ भाग आहेत. १९३२ च्या मोटारीतले त्याहून थोडे अधिक.

थीसियसच्या गलबताची कथा येथे आठवणे अपरिहार्य आहे. प्लूटार्क सांगतो, की अथेन्सच्या लोकांनी ते गलबत जपले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि तत्त्ववेत्त्यांमध्ये तेच की दुसरे असा वाद लागला. सतराव्या शतकात हॉब्सने त्यात एक खोच घातली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचेच गलबत उभारले, तर खरे कोणते? तत्त्वज्ञानाच्या तासाला ही कल्पनेची कसरत वाटते. जुन्या मोटारींच्या बाजारात ती नेहमीची अडचण आहे. एकाकडे चासी असते, दुसऱ्याकडे इंजिन, आणि दोघेही एकाच क्रमांकावर हक्क सांगतात.

न्यायालयात शब्दांचा कीस पडला तो 'ओरिजिनल', 'जेन्युइन' आणि 'ऑथेंटिक' या तीन विशेषणांवर. मराठीत यातील दोघांना तरी आपण बेलाशक 'अस्सल' म्हणतो. हा शब्द अरबी. 'असल' म्हणजे मूळ, मुळी. आपल्याकडे तो दफ्तरातून आला, 'नक्कल'चा जोडीदार म्हणून. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांचा आग्रह धरला तेव्हा त्यांना अभिप्रेत होता तो त्या काळी, त्या हाताने लिहिलेला प्रत्यक्ष कागद. या अर्थाने 'ओल्ड नंबर वन' अस्सल नाही, हे उघड आहे. पण ग्रंथाच्या बाबतीत आपण निराळा न्याय लावतो. ज्ञानेश्वरांच्या हातची ज्ञानेश्वरी कोणी पाहिलेली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला, त्यानंतरही प्रती होत राहिल्या, तरी आपण वाचतो ती ज्ञानेश्वरीच. (मोटार आणि ज्ञानेश्वरी एका परिच्छेदात आणल्याबद्दल काही वाचक रागावतील, त्यास इलाज नाही.)

न्या. ऑटन यांनी घेतलेला मार्ग या दुसऱ्या न्यायाच्या जवळचा आहे. ही मोटार 'ओरिजिनल' म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र नवे भाग तिच्यात एकदम घातले गेले नाहीत. ते क्रमाक्रमाने, इतक्या काळात सामावले गेले की कोणत्याही एका टप्प्यावर तिची ओळख तुटली नाही. चार हंगाम ती सलग पहिल्या दर्जाच्या शर्यतींत होती, आणि या नावावर न्याय्य हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली अस्तित्वात नाही. म्हणून ती 'ऑथेंटिक' ओल्ड नंबर वन होय. विक्रीला काढला होता तो केवळ धातू नव्हे. तिचा इतिहास आणि कीर्ती हेही त्या सौद्यात होते, असे त्यांनी म्हटले. निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.

मला हा निकाल पटतो. पण तो वाचताना एक अस्वस्थता राहते. ओळख जर सलगतेवर ठरायची, तर सलगता सिद्ध करणार कशाने? कागदांनी. आणि कागदांची काळजी घेण्याचे कारणच लोकांना बराच काळ नव्हते. फेरारीची '२५० जीटीओ' १९६२ ते १९६४ या काळात अवघी छत्तीसच्या आसपास बांधली गेली. शर्यतीत जुनी ठरताच ती एक वापरून झालेली गाडी झाली. त्यांपैकी एक टेक्सासमधील एका शाळेला दान मिळाली होती आणि १९७२ मध्ये काही हजार डॉलरांत विकली गेली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे याच जातीच्या मोटारीला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. मधल्या काळात मोटार फारशी बदलली नाही. बदलली ती तिच्या क्रमांकाची किंमत. हा क्रमांक म्हणजे चासीवर ठोकलेले चार-पाच अंक आणि एक धातूची पट्टी. पट्टी स्क्रूने काढता येते. शिवाय तिचा घोळ नेहमी लबाडीतूनच झालेला असतो असेही नाही. शर्यतींचे संघ युरोपभर हिंडत, सीमेवर जकातीचे कागद एका मोटारीचे आणि ट्रकवर मोटार दुसरी असे झाले की पट्ट्या अदलाबदल करून वेळ मारून नेत. पन्नास-साठ वर्षांनी त्या एका सकाळच्या सोयीवर कोट्यवधींचे दावे उभे राहतात.

कारखान्यांनी यात आणखी एक प्रकार आणला आहे. जॅग्वार कंपनीने १९६३ मध्ये हलक्या वजनाच्या 'ई-टाइप'साठी अठरा क्रमांक राखले होते. प्रत्यक्षात बाराच मोटारी झाल्या. २०१४ मध्ये कंपनीने उरलेल्या सहा क्रमांकांच्या मोटारी नव्याने बांधायला घेतल्या. १९५७ च्या आगीमुळे 'एक्सकेएसएस' या मोटारीची बांधणी सोळांवर थांबली होती. २०१६ मध्ये कंपनीने आणखी नऊ बांधण्याचे जाहीर केले. यांत फसवणूक मुळीच नाही, सारे उघड आहे. पण हे 'ओल्ड नंबर वन'च्या बरोबर उलटे झाले: तिथे आयुष्य आहे आणि जन्माचे पोलाद नाही, इथे जन्मक्रमांक आहे आणि आयुष्य नाही.

बाजाराचा कौल यांपैकी कोणालाच नाही. २०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीज-बेंझने आपल्या संग्रहातील '३०० एसएलआर' कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली. मोटारीला मिळालेली तोवरची ही सर्वांत मोठी किंमत होती. रुडॉल्फ ऊलेनहाउट या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा दोनच मोटारी १९५५ मध्ये झाल्या. त्या वर्षी ल माँच्या अपघातात ऐंशीहून अधिक माणसे मेली, वर्षअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढले, आणि या मोटारी एकाही शर्यतीत उतरल्या नाहीत. सदुसष्ट वर्षे त्या जन्मदात्याच्या घरीच राहिल्या. त्यांच्या कागदांत खंड नाही, कारण तो पडावा असे काही त्यांच्या वाट्याला आलेच नाही.

'ओल्ड नंबर वन'ला असे स्वच्छ चरित्र लाभले नाही. १९३२ च्या त्या शर्यतीत तिच्यात जे इंजिन होते, ते ल माँ जिंकणारे इंजिन नव्हते. भागांची यादी करून मोटार ठरवायची असती, तर क्लाइव्ह डनफी दुसऱ्याच कोणत्या तरी मोटारीत मरण पावला असे म्हणावे लागले असते. न्या. ऑटन यांनी चार हंगाम सलग धरले, त्यामुळे दोन विजयांच्या बरोबर तो मृत्यूही तिच्याच नावावर राहिला.