पायऱ्या उरल्या

घर गेले आणि पायऱ्या तेवढ्या राहिल्या, असे दृश्य मी प्रथम पाहिले ते एका छायाचित्रात. विटांच्या तीन-चार पायऱ्या. त्या चढून जावे तर पुढे उंबरठा नाही, दार नाही, नुसते कमरेएवढे गवत. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीचे ते चित्र. कॅटरिना वादळ तेथे आले २९ ऑगस्ट २००५ रोजी. चित्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी काढलेले. वर्गात ते दाखवले, तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, वादळ एका दिवसाचे, मग हे अजून असेच का?”

पोराच्या प्रश्नाचे उत्तर चित्रात नव्हते.

या शहराच्या पडझडीची छायाचित्रे मात्र उदंड निघाली. रॉबर्ट पॉलिडोरी हा छायाचित्रकार सप्टेंबर २००५ मध्येच तेथे पोहोचला. गावात वीज नव्हती. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात, कॅमेऱ्याचे भिंग बराच वेळ उघडे ठेवून त्याने घरांच्या आतली चित्रे घेतली. २००६ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडली गेली. चित्रांना नावे दिली ती घराच्या क्रमांकांची आणि रस्त्यांची. माणूस जवळजवळ कोठेच नाही. लोकांच्या दुःखाचे हे सौंदर्य करणे झाले, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. मला तो अर्धाच पटतो. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि उलटलेला पलंग हा पुरावाही असतो, आणि पुरावा लवकर धुऊन जातो.

दारांवर फवाऱ्याच्या रंगाने काढलेली फुली अशीच. डावीकडे शोधपथकाची खूण, वर तारीख, उजवीकडे घरातला धोका, आणि खाली किती माणसे जिवंत वा मृत सापडली तो आकडा. परतलेल्यांपैकी काहींनी ती पुसली, काहींनी जपली. कोणी तर ती लोखंडात घडवून भिंतीवर पुन्हा बसवली.

परंतु अशी चित्रे पाहताना सारा दोष वादळाकडे जातो, आणि येथेच आपण फसतो. वादळाचा केंद्रबिंदू शहराच्या पूर्वेकडून निघून गेला होता. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला तो बांध आणि पूरभिंती फुटल्यामुळे. सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती तर पाणी माथ्यापर्यंत चढण्याआधीच कोसळल्या. आराखड्यातच खोट होती, हे त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने जून २००६ मध्ये स्वतः कबूल केले. लोअर नाइन्थ वॉर्डात इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटली, आणि त्या खिंडारातून एक अवजड बार्ज थेट घरांवर येऊन बसली.

हे झाले बुडण्याचे. न उठण्याचे कारण कागदात सापडते. लुइझियाना राज्याने ‘रोड होम’ ही योजना काढली. नाव मोठे गोड, घरची वाट! दुरुस्तीचा खर्च आणि घराची वादळापूर्वीची किंमत, यांतील जो आकडा कमी, त्यावर अनुदान ठरे, आणि तेही दीड लाख डॉलरपर्यंतच. शिवाय मालकीचा निर्वेध कागद हवा. या वस्तीत घर बापाकडून लेकाकडे नुसत्या शब्दावर आलेले. आपल्याकडे सातबारावर आजोबांचेच नाव राहून जाते ना, तसेच.

मी फळ्यावर गणित मांडले. दोन घरे, सारखी बांधणी, दुरुस्तीला प्रत्येकी एक लाख डॉलर. गोऱ्यांच्या वस्तीतील घराची किंमत दीड लाख, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील घराची साठ हजार. पहिल्याला लाख मिळतील, दुसऱ्याला साठच हजार. वरचे चाळीस हजार ज्याच्याजवळ नाहीत, त्याच्या घराचे काय होणार? या सूत्राविरुद्ध २००८ मध्ये खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड. तोवर सहा वर्षे सरली होती. २००० साली या वस्तीत सुमारे १४,००० लोक होते. २०१० च्या शिरगणतीत तीन हजारही भरले नाहीत.

मुलाने गणित वहीत उतरवून घेतले. मग मान वर करून म्हणाला, “पण गुरुजी, दुसऱ्या घराची किंमत मुळात कमी कोणी ठरवली?”

तो पुढच्या तासाचा विषय. तेथे १९६५ साली हीच वस्ती बुडवणाऱ्या बेट्सी वादळाच्याही मागे जावे लागते.